मुदतीचे पाहुणे

परक्या देशाचा माल हवा, पण तो घेऊन येणारा माणूस नको, ही राज्यकर्त्यांची अडचण फार जुनी आहे. माल पेटींतून येतो आणि विकला म्हणजे संपतो. माणूस मात्र आपली भाषा, आपला धर्म, आपल्या संवयी आणि आपल्या राजाचें नांव बरोबर घेऊन येतो, आणि काम संपलें तरी लवकर हालत नाहीं. म्हणून त्याला येऊं द्यावयाचें तर किती दिवस, कोठपर्यंत आणि कोणत्या अटीवर, हें ठरविणें प्रत्येक व्यापारी राष्ट्राला भाग पडलें. अलीकडच्या व्यापारी करारांत व्यावसायिकांच्या तात्पुरत्या प्रवेशासंबंधीं जीं कलमें असतात, त्यांचें मूळ याच अडचणींत आहे.

मराठी राज्यांतहि या प्रश्नाचा विचार झालेला होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत सावकारांविषयीं मोठा आदर दिसतो. त्यांच्यामुळें राज्य संपन्न होतें, त्यांना मानानें वागवावें, असें त्यांत सांगितलें आहे. पण त्याच प्रकरणांत टोपीकरांची गोष्ट निघाली कीं सूर एकदम बदलतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे सावकारी करतात खरे, परंतु त्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे उभे आहेत आणि एकदां हातीं आलेली जागा ते सहजासहजीं सोडीत नाहींत. तेव्हां त्यांचें येणेंजाणें तेवढें असूं द्यावें, कायमची जागा देऊं नये. वखारीसाठीं जागा द्यावीच लागली तर ती समुद्राच्या तोंडावर न देतां राजापुरासारख्या आंतल्या गांवीं द्यावी, आणि तेथें पक्की इमारत उठूं देऊं नये, असा त्या सल्ल्याचा आशय आहे. सल्ला शहाणपणाचा होता यांत शंका नाहीं. पण तो लिहिला गेला तोंवर गोवें, वसई आणि मुंबई हीं ठाणीं परक्यांच्या हातीं पक्कीं झालेलीं होतीं.

हाच विचार आशियाच्या दुसऱ्या टोंकाला जपाननें नुसता लिहून न ठेवतां अमलांत आणिला, आणि तोहि थोडेथोडके दिवस नव्हे, तर तब्बल २१८ वर्षें. परदेशी व्यापाऱ्याला मुदतीनें आंत घेण्याचा इतका काटेकोर आणि इतका दीर्घ प्रयोग इतिहासांत दुसरा आढळत नाहीं. म्हणून तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे.

जपानांत प्रथम आले ते पोर्तुगीज, इ. स. १५४३ मध्यें. त्यांच्यामागोमाग बंदुका आल्या, चिनी रेशीम आलें आणि १५४९ मध्यें गोव्याहून निघालेला धर्मोपदेशक फ्रान्सिस झेव्हियरहि आला. जुन्या गोव्यांत ज्याचें शव अद्यापि जतन करून ठेविलेलें आहे तोच हा झेव्हियर. पुढच्या साठसत्तर वर्षांत कित्येक सरदारांनीं आणि हजारों रयतेनें ख्रिस्ती धर्म घेतला. इकडे तोकुगावा घराण्याचे शोगुन साऱ्या देशावर एकछत्री सत्ता बसवीत होते. ज्या प्रजेची निष्ठा समुद्रापलीकडच्या धर्मगुरूकडे वळली, ती आपली कशी म्हणावयाची, हा त्यांना प्रश्न पडला. १६१४ मध्यें ख्रिस्ती धर्माला देशभर बंदी झाली. १६३७ सालीं शिमाबारा प्रांतांत ख्रिस्ती शेतकऱ्यांचें बंड उठलें. करांच्या जाचाचें कारणहि त्यामागें होतें, पण दरबारानें दोष धर्माला दिला. बंड मोडल्यावर १६३९ मध्यें पोर्तुगीजांना कायमचें घालवून दिलें. दुसऱ्या वर्षीं मकाव येथील पोर्तुगीजांनीं विनवणी करण्यासाठीं वकील पाठविले, तेव्हां त्यांतल्या ६१ जणांचा शिरच्छेद झाला आणि बाकीचे १३ जण ही वार्ता सांगण्यापुरते परत पाठविले गेले.

राहिले वलंदेज, म्हणजे डच. त्यांना १६०९ पासून हिरादो बंदरांत व्यापाराचा परवाना होता. ते पोर्तुगीजांचे हाडवैरी, ख्रिस्ती खरे पण निराळ्या पंथाचे, आणि धर्मप्रसारापेक्षां नफ्यावर डोळा ठेवणारे. शिमाबाराच्या बंडांत तर शोगुनाच्या सांगण्यावरून त्यांनीं आपल्या जहाजावरून बंडखोर ख्रिस्त्यांच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. एवढें करूनहि त्यांच्यावर विश्वास बसला नाहीं. १६४० मध्यें तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला हिरादो येथील त्यांच्या नव्या वखारीच्या दर्शनी भिंतीवर ख्रिस्ती शकाचें वर्ष कोरलेलें दिसलें. वखार पाडून टाकण्याचा तत्काळ हुकूम झाला. वखारीचा मुख्य फ्रान्स्वा कारों हा व्यवहारी माणूस. त्यानें एका शब्दानें वाद न घालतां त्याच वेळीं पाडावयास सुरवात केली, आणि त्यामुळेंच सर्वांचे प्राण वांचले असें म्हणतात. पुढें हाच कारों फ्रेंचांच्या नोकरींत शिरला आणि १६६८ सालीं सुरतेस त्यांची वखार घालावयास आला.

१६४१ मध्यें डचांना हिरादोहून उचलून नागासाकीच्या देजिमा बेटावर आणिलें. हें बेट मूळचें नव्हे. किनाऱ्याला लागून उथळ पाण्यांत भराव घालून तें १६३४ ते १६३६ या दोन वर्षांत नागासाकीच्या २५ व्यापाऱ्यांनीं शोगुनाच्या हुकुमावरून बांधिलें होतें, तें पोर्तुगीजांना कोंडण्यासाठीं. ते गेले आणि बेट ओस पडलें. आकार उघडलेल्या पंख्यासारखा, क्षेत्र सुमारें पावणेचार एकर. भोंवतीं कुंपण, शहराकडे जाणारा एकच पूल आणि पुलाच्या तोंडाशीं पाहारा. त्या २५ मालकांना डचांनीं वर्षाला ५५ कान, म्हणजे सुमारें दोनशें किलो, चांदी भाडें द्यावयाची. आपल्या कोंडवाड्याचें भाडें कैद्यानेंच भरावें, असा हा मामला होता. तरीहि डच तेथें राहिले, कारण व्यापार त्याहून कितीतरी किफायतशीर होता.

या व्यापाराची एक बाजू हिंदुस्थानाशीं जोडलेली आहे. बटाव्हियाहून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस जहाजें येत. त्यांत बंगालचें रेशीम, कारोमांडल किनाऱ्याचें व गुजराथेचें कापड आणि जावाची साखर असे. मद्रासजवळच्या सांतोमे येथून निघणाऱ्या पट्ट्यांच्या कापडाला जपानी भाषेंत सांतोमे हेंच नांव पडलें. उलट दिशेनें प्रथम चांदी जाई. १६६८ मध्यें चांदीची निर्यात बंद झाल्यावर तांबें मुख्य झालें, आणि हें जपानी तांबें सुरतेच्या बाजारांत विकलें जाई. जपानी दरबारानें पुढें आवकजावकीलाहि लगाम घातला. १७१५ मध्यें वर्षाला दोनच डच जहाजें येऊं द्यावयाचीं असें ठरलें, आणि १७९० मध्यें त्यांतलेंहि एक कमी झालें.

पण देजिमाचे खरे नियम मालाविषयीं नसून माणसांविषयीं होते. वखारीच्या मुख्यानें एका वर्षाहून अधिक राहूं नये, हा त्यांतला पहिला. जहाज नवा मुख्य घेऊन यावयाचें आणि जुन्याला घेऊन जावयाचें. एकाच माणसाची शहरांतल्या अधिकाऱ्यांशीं, सावकारांशीं घसट वाढूं नये, हा हेतु उघड होता. डच कंपनीनें यांतून वाट काढली ती अशी कीं, तोच मुख्य एकदोन वर्षें बटाव्हियांत काढून पुन्हां पाठवावयाचा. नियम मोडला नाहीं आणि अनुभवी माणूसहि हातचा गेला नाहीं. मुदतीच्या परवान्यावर परदेशीं राहणाऱ्यांना ही युक्ति आजहि नवखी वाटणार नाहीं. जहाजें परत गेलीं म्हणजे बेटावर दहापंधरा माणसें उरत. त्यांना जपानी भाषा शिकविण्यास मनाई होती. बोलणें व्हावयाचें तें दुभाष्यांमार्फत, आणि हे दुभाषे वंशपरंपरेचे सरकारी नोकर. कोणाचा शब्द कोणत्या रूपानें पलीकडे जावा, हेंहि यजमानाच्याच हातीं राहिलें.

पुलापाशीं एक फलक होता. गणिकांखेरीज कोणत्याहि स्त्रीनें आंत येऊं नये, कोया पर्वतावरील भिक्षूंखेरीज कोणत्याहि बैराग्यानें येऊं नये, भिकाऱ्यांनीं येऊं नये, अशीं त्यावर कलमें होतीं. गणिका चालते आणि पत्नी चालत नाहीं, हें वाचून आजच्या माणसाला विषाद वाटेल. पण राज्यकर्त्यांचा हिशेब सरळ होता. पत्नी आली कीं बिऱ्हाड होतें, बिऱ्हाडांत मुलें होतात, आणि ज्याचीं मुलें एखाद्या गांवीं वाढलीं त्याला तेथून घालवून देणें कठीण जातें. माणसाची मुदत मोडते ती घरामुळें, हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें.

आतां या व्यवस्थेची दुसरी बाजू. माणसाला कोंडून ठेवणाऱ्या याच दरबाराला त्याच्याजवळची माहिती मात्र हवी होती. दरवर्षीं जहाज लागलें कीं जगांतल्या घडामोडींचें निवेदन मुख्याला द्यावें लागे. दुभाषे तें लिहून घेत आणि तें एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस, रवाना होई. अमेरिकेचें आरमार जपानवर येणार आहे ही बातमी शोगुनाला १८५२ मध्यें, पेरी येऊन दाखल होण्याच्या एक वर्ष आधीं, याच मार्गानें कळली होती. त्याशिवाय मुख्याला नजराणे घेऊन एदोस मुजऱ्यासाठीं जावें लागे, १७९० पर्यंत दरवर्षीं आणि त्यानंतर चार वर्षांतून एकदां. जाऊन येण्यास सुमारें तीन महिने लागत. १६९१ सालच्या फेरींत एंगेलबेर्ट केम्फेर हा वैद्य बरोबर होता. शोगुन त्सुनायोशी यानें चिकाच्या पडद्याआड बसून त्याला उभें राहावयास, चालून दाखवावयास, नाचावयास, दारूबाजाचें सोंग करावयास आणि गाणें म्हणावयास सांगितलें. केम्फेरनें हें सर्व केलें, आणि घरीं परतल्यावर लिहूनहि ठेविलें. पण त्याचा सूड म्हणा कीं विद्वानाची हौस म्हणा, त्यानें बेटावर आपल्या हाताखालच्या एका तरुण जपानी सेवकाला वैद्यक आणि डच भाषा शिकवून त्याच्याकडून त्या देशाची इतकी माहिती काढली कीं, त्याच्या मृत्यूनंतर १७२७ मध्यें लंडनला छापलेला त्याचा जपानचा इतिहास पुढें शंभर वर्षें युरोपला प्रमाण वाटला.

देजिमावरच्या वैद्यांचें प्रकरण सर्वांत मनोरंजक आहे. व्यापारी दोन्ही बाजूंना आपापल्या नफ्यापुरता हवा होता, वैद्य मात्र दोघांनाहि मनापासून हवा होता. गंमत अशी कीं, या डच वैद्यांपैकीं जे विशेष प्रसिद्धीस आले ते डच नव्हतेच. केम्फेर जर्मन, १७७५-७६ मध्यें येऊन गेलेला कार्ल पेतेर थुनबेर्ग स्वीडनचा, आणि १८२३ मध्यें आलेला फिलिप फ्रान्त्स फोन सीबोल्ट पुन्हां जर्मन. थुनबेर्ग हा लिनीअसचा शिष्य, वनस्पतिशास्त्रानें झपाटलेला. बेटाबाहेर जाण्याची सहसा परवानगी नाहीं, तेव्हां बेटावरच्या जनावरांसाठीं शहरांतून जो हिरवा चारा येई, तो उपसून तो त्यांतून जपानी वनस्पति वेंचून काढी. सीबोल्टची बोली दुभाष्यांना खटकली. हा डच बोलतो, पण आपल्याहूनहि वाईट बोलतो, असें त्यांच्या ध्यानीं आलें. तेव्हां हा डोंगराळ मुलखांतला डच आहे, असें सांगून वेळ मारून नेली. हॉलंडांत डोंगर नाहींत हें दुभाष्यांना ठाऊक नव्हतें, हें त्याचें सुदैव.

या गवाक्षांतून आंत काय गेलें तें पाहण्यासारखें आहे. १७७१ मध्यें एदो येथें सुगिता गेन्पाकु आणि माएनो र्‍योताकु या दोन वैद्यांनीं एका शवाचें विच्छेदन पाहिलें. त्यांच्या हातांत डच भाषेंतील शरीरशास्त्राचें एक पुस्तक होतें. त्यांतलीं चित्रें आणि समोरचें शरीर तंतोतंत जुळलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या पढलेले जुने आराखडे जुळले नाहींत. भाषा जवळजवळ येत नसतांना, एकेका शब्दावर दिवसेंदिवस डोकें खाजवीत, त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं त्या पुस्तकाचें भाषांतर केलें, तें १७७४ मध्यें प्रसिद्ध झालें. डचांकडून आलेल्या विद्येला जपानांत रांगाकु असें नांव मिळालें आणि तिच्या पाठशाळा निघाल्या. माणसाला पूल ओलांडूं न देणाऱ्यांनीं पुस्तकाला मात्र अडविलें नाहीं, निदान ख्रिस्ती धर्माचा त्यांत उल्लेख नसेल तर.

मुदतीची झळ लागली ती घरांना. १८०३ पासून हेन्ड्रिक दूफ हा वखारीचा मुख्य होता. युरोपांत नेपोलियनचीं युद्धें चाललेलीं, हॉलंड फ्रान्सनें गिळलेलें, जावा इंग्रजांनीं घेतलेलें. डच निशाण जगांत ज्या थोड्या जागीं उरलें त्यांत हें बेट एक होतें. १८१३ आणि १८१४ मध्यें जावाहून रॅफल्सनें जहाजें पाठवून देजिमा मागितलें, दूफनें तें दिलें नाहीं. बदलीचा माणूस येईना, म्हणून एका वर्षाचा नियम बाजूस पडून तो चौदा वर्षें तेथेंच राहिला. त्या काळांत त्यानें दुभाष्यांच्या मदतीनें मोठा डच-जपानी कोश रचावयास घेतला, आणि एका जपानी गणिकेपासून त्याला १८०८ मध्यें जोकिची नांवाचा मुलगा झाला. १८१७ मध्यें नवा मुख्य यान कॉक ब्लोमहॉफ आला आणि दूफला निघावें लागलें. मुलाला बरोबर नेण्यास परवानगी नव्हती, कारण आई जपानी म्हणजे मूल जपानी. दूफनें साखरेचा मोठा सांठा नागासाकीच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करून तिच्या उत्पन्नांतून मुलाचा निर्वाह चालावा आणि त्याला सरकारी नोकरी मिळावी, अशी व्यवस्था लावून दिली. पुढें नोकरी मिळाली. पण १८२४ मध्यें, सतराव्या वर्षीं, तो मुलगा वारला.

त्याच हंगामांत उलट प्रकार घडला. ब्लोमहॉफ येतांना आपली पत्नी तित्सिआ आणि तान्हा मुलगा यांना घेऊन आला होता. दूफनें व ब्लोमहॉफनें अर्जविनंत्या केल्या. स्थानिक अधिकाऱ्यांनीं सहानुभूति दाखविली, पण एदोहून नकार आला. नियम म्हणजे नियम. चारेक महिन्यांनीं, डिसेंबरांत, त्या बाईला आणि मुलाला परतीच्या जहाजावर चढविलें. नवरा मागें राहिला तो १८२३ पर्यंत. ती १८२१ मध्यें हॉलंडांत वारली, पुन्हां भेट झाली नाहीं. तिच्या त्या चार महिन्यांत नागासाकीच्या चित्रकारांनीं मात्र तिचीं असंख्य चित्रें काढलीं. लांब झग्यांतील ती गोरी बाई चिनी मातीच्या भांड्यांवरहि येऊन बसली. जिला राहूं दिलें नाहीं तिची प्रतिमा घरोघर राहिली.

सीबोल्टची गोष्ट याहून लांबची. त्याच्या औषधोपचारांची कीर्ति झाल्यामुळें त्याला बेटाबाहेर नारुताकी येथें १८२४ मध्यें पाठशाळा काढूं दिली. देशभरांतून तरुण वैद्य तेथें आले. त्यांच्याकडून तो जपानाविषयीं डच भाषेंत निबंध लिहवून घेई, म्हणजे शिक्षण आणि माहिती दोन्ही साधत. ताकी नांवाच्या तरुणीशीं त्याचें घर झालें. गणिका म्हणून नोंद असल्यामुळेंच तिला पूल ओलांडतां येत होता. १८२७ मध्यें त्यांना इने ही कन्या झाली. १८२८ मध्यें सीबोल्टजवळ जपानचे नकाशे आहेत असें उघडकीस आलें. नकाशा परक्याला देणें हा राजद्रोह होता. ते देणारा दरबारी ज्योतिषी ताकाहाशि कागेयासु १८२९ मध्यें कैदेंत मेला. मरणानंतरहि त्याला देहांताची शिक्षा सुनावण्यांत आली. सीबोल्टच्या अनेक शिष्यांना आणि दुभाष्यांना शिक्षा झाल्या, आणि १८२९ च्या अखेरीस त्याला कायमची हद्दपारी मिळाली. परक्याचा गुन्हा असला तरी परका जहाजांत बसून जातो. भोगतात ते मागचे.

इने दोन वर्षांची होती. ती पुढें बापाच्याच शिष्यांजवळ पाश्चात्य वैद्यक शिकली आणि प्रसूतिशास्त्रांत नांव मिळविलें. पाश्चात्य वैद्यक शिकलेली पहिली जपानी स्त्री म्हणून तिचा उल्लेख होतो. १८७३ मध्यें सम्राटाच्या घराण्यांतील एका प्रसूतीसाठीं तिला बोलावणें आलें. हद्दपारी उठल्यावर १८५९ मध्यें सीबोल्ट नागासाकीस परत आला, तेव्हां बापलेकींची तीस वर्षांनीं भेट झाली.

सीबोल्ट परत आला तें जपान निराळें होतें. पेरीच्या तोफांपुढें दार उघडावें लागलें होतें, आणि १८५८ मध्यें अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड व फ्रान्स या पांच राष्ट्रांशीं व्यापारी तह झाले. १८५९ पासून योकोहामा, नागासाकी आणि हाकोदाते हीं बंदरें खुलीं झालीं. कुंपण गेलें असें मात्र नाहीं. परकीयांनीं नेमून दिलेल्या वसाहतींतच राहावें आणि बंदरापासून दहा री, म्हणजे सुमारें चाळीस किलोमीटर, यापलीकडे परवान्यावांचून जाऊं नये, अशीं कलमें या तहांतहि होतीं. फरक एवढाच कीं, आतां परकीयावर खटला चालवावयाचा तर तो त्याच्याच वकिलातीच्या न्यायासनापुढें. पूर्वीं पाहुणा कैदी होता, आतां यजमान हात बांधलेला. हा प्रकार १८९९ पर्यंत टिकला. १८९३ मध्यें जमशेटजी टाटांच्या पुढाकारानें आणि निप्पॉन यूसेन या कंपनीच्या सहकार्यानें मुंबई ते जपान अशी आगबोटींची फेरी सुरू झाली. मुंबईचा कापूस तिकडे जाऊं लागला, आणि योकोहामा व कोबे येथें हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या वाढल्या. १९२३ च्या भूकंपानें योकोहामा जमीनदोस्त झाल्यावर त्यांतल्या अनेकांनीं कोबेंत बस्तान हालविलें.

मेइजी सरकारनें तज्ज्ञांच्या बाबतींत जें केलें तें देजिमाच्याच शाळेंत शिकलेलें वाटतें. आगगाडी, कायदा, वैद्यक, स्थापत्य यांसाठीं परदेशी माणसें भरघोस पगारावर, पण ठराविक मुदतीच्या करारानें, नेमलीं. स्कॉटलंडचा हेन्री डायर १८७३ मध्यें अभियांत्रिकी विद्यालय उभारावयास आला आणि १८८२ मध्यें परत गेला. त्याच्या हाताखालीं शिकलेले जपानी तरुण पुढें प्राध्यापकांच्या खुर्चीवर बसले. विद्या राहिली, गुरु गेला.

नंतर जपानी माणसावरच पाहुणा होण्याची पाळी आली. १९२४ च्या अमेरिकन कायद्यानें जपानी लोकांच्या वसाहतीला दार बंद केलें. त्यांत एक फट मात्र ठेविली होती. उभय राष्ट्रांत असलेल्या व्यापारी तहान्वयें केवळ व्यापारासाठीं येणारा माणूस हा स्थायिक होण्यास आलेला मानूं नये, असें त्या कायद्यांत होतें, आणि १९११ चा तह त्या वेळीं अमलांत होता. म्हणजे जपानी शेतकरी नको, जपानी पेढीचा प्रतिनिधि चालेल. व्यापारी आणि स्थायिक यांतला हा भेद अमेरिकेच्या कायद्यांत तेव्हांपासून कायम आहे. १९९४ च्या उत्तर अमेरिकेंतील करारानें तर हिशेबनीस, अभियंता, शिक्षक अशा व्यवसायांची यादीच जोडून त्यांच्या तात्पुरत्या प्रवेशाचें स्वतंत्र प्रकरण केलें. २०२० मध्यें त्या कराराची जागा नव्या करारानें घेतली, तरी तें प्रकरण तसेंच पुढें आलें.

साऱ्या जगाला लागू होणारा नियम १९९५ मध्यें, जागतिक व्यापार संघटनेबरोबर, आला. सेवांच्या व्यापाराच्या करारांत माणसांच्या येण्याजाण्याविषयीं एक परिशिष्ट आहे. नागरिकत्व, कायमचें वास्तव्य आणि कायमची नोकरी यांच्याशीं या कराराचा कांहीं संबंध नाहीं, असें त्यांत स्वच्छ म्हटलें आहे. आज्ञापत्रांतल्या येण्याजाण्याच्या आणि कायमच्या जागेच्या भेदाचें हें आधुनिक रूप. भारत आणि जपान यांचा सर्वंकष आर्थिक करार १ ऑगस्ट २०११ रोजीं अमलांत आला, त्यांतहि उद्योगानिमित्त येणारे, एकाच कंपनीच्या दुसऱ्या शाखेंत बदलून येणारे, अभियंते असे वर्ग करून प्रत्येकाला वेगळ्या अटी लाविल्या आहेत. योग, भारतीय संगीत-नृत्य आणि पाककला शिकविणाऱ्यांचीहि तेथें आठवण ठेविली आहे. अशा मुदतीच्या नोकराच्या पगारांतून दोन्ही देशांत निवृत्तिवेतनाचे पैसे कापले जात, आणि परत आलेल्याला परदेशांतल्या पैशाचा पुरा लाभ क्वचितच होई. १ ऑक्टोबर २०१६ पासून दोन देशांतल्या दुसऱ्या करारानें हा दुहेरी भार काढून टाकला. पुण्यामुंबईहून संगणकाच्या कामासाठीं जपानांत गेलेल्या अनेक कुटुंबांना या कलमाचें मोल व्यापाराच्या आंकड्यांहून अधिक वाटलें असेल.

देजिमाच्या वैद्यांचे आजचे वारस शोधावयाचे तर ते जपानी रुग्णालयांत सांपडतील. जपानांत वृद्धांची संख्या वाढली, शुश्रूषा करणारे हात कमी पडूं लागले. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांच्याशीं झालेले व्यापारी करार २००८ मध्यें अमलांत आले, त्यांत परिचारिकांच्या प्रवेशाचें कलम घातलें गेलें. व्हिएतनामची पहिली तुकडी २०१४ मध्यें आली. येणाऱ्या मुली आपापल्या देशांत प्रशिक्षित आणि अनुभवी होत्या. अट अशी कीं, सहाएक महिने भाषा शिकून, रुग्णालयांत उमेदवार म्हणून काम करीत, तीन वर्षांच्या आंत जपानची राष्ट्रीय परिचारिका परीक्षा जपानी भाषेंत उत्तीर्ण व्हावयाची. नाहीं तर परत. २००९ च्या परीक्षेस ८२ जणी व जण बसले, एकहि उत्तीर्ण झाला नाहीं. २०१० मध्यें २५४ पैकीं ३ उत्तीर्ण झाले, २०११ मध्यें ३९८ पैकीं १६.

या मुलींना शुश्रूषा येत नव्हती असें नाहीं. अडलें तें लिपीपाशीं. पडून पडून अंगाला होणाऱ्या जखमा कोणत्याहि परिचारिकेला नजरेनें कळतात. पण त्यांना जपानी वैद्यकांत जो चिनी अक्षरांचा शब्द आहे, तो सामान्य जपानी माणसालाहि वाचतां येत नाहीं. देजिमावर पाहुण्याला भाषा शिकूं देत नसत, येथें भाषा आली नाहीं म्हणून पाहुण्याला पाठवून देत. जपानी वृत्तपत्रांतून टीका झाल्यावर सरकारनें अवघड अक्षरांवर उच्चार छापले, रोगांचीं नांवें इंग्रजींतहि दिलीं, आणि २०१३ पासून सर्वच अक्षरांवर उच्चार देऊन या उमेदवारांना वेळहि वाढवून दिला. २०१२ मध्येंच उत्तीर्णांची संख्या ४१५ पैकीं ४७ पर्यंत आली होती. अनुत्तीर्ण झालेली परिचारिका मुदत संपतांच मायदेशीं जाते, तेथून पुन्हां थोड्या दिवसांच्या परवान्यावर येऊन परीक्षेस बसण्याची तिला मुभा असते. उत्तीर्ण झालेलीला परवाना हवा तितक्या वेळां वाढवून मिळतो, आणि नवऱ्याला व मुलांना तिच्याबरोबर जपानांत राहतां येतें.